कळा आणायच्या म्हणजे नेमकं काय करतात? जेल, फुगा, सलाईन

खानापूरची_वैनी

नणंद पहिलटकरीण आहे, वय २४. आज ४० आठवडे ५ दिवस झाले, कळांचा पत्ता नाही. बीपी, शुगर, बाळाभोवतीचं पाणी सगळं ठीक, हालचालही आहे. डॉक्टर म्हणाले, ४१ पूर्ण झाले की ॲडमिट व्हा, कळा आणूया. घरात दोन तट पडलेत. आत्तींचं म्हणणं, शेवटच्या सोनोग्राफीत तारीख नऊ दिवस पुढची आलीय तर तोवर थांबा आणि थोडं एरंडेल पाजा. मामंजी म्हणतात, डॉक्टर सांगतील ते करा. मला नीट समजून घ्यायचंय: ॲडमिट झाल्यावर काय काय करतात, किती वेळ लागतो, बिघडतं कुठं? कळांचं सलाईन लावलं की शेवटी सिझरच होतं, हे खरं का? गाव जांबोटीच्या पुढं आहे आणि पाऊस लागलाय, तेही धरून सांगा.

सिस्टर_चिकोडी

वैनी, आधी तारखेचा घोळ मिटवा. ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यानची सोनोग्राफी फायलीत शोधा. तेव्हा बाळाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजतात आणि फरक फार तर आठवडाभराचा पडतो. नवव्या महिन्यात मशीन डोकं, पोट आणि मांडीचं हाड मोजून वय काढतं. बाळ अंगानं बारीक असलं की तेच मशीन तारीख पुढं ढकलतं, आणि तिथं दोन-तीन आठवड्यांचीही चूक होते. म्हणजे नऊ दिवस पुढची तारीख आली याचा अर्थ बाळ लहान वयाचं असा नाही. ते वाढीत मागं असू शकतं, आणि मग तर थांबायचं कारणच उरत नाही. तायी कार्डावर, म्हणजे कर्नाटकातल्या गरोदर बाईच्या नोंदींच्या कार्डावर, सुरुवातीला लिहिलेली तारीख धरा.

४१ आठवड्यांनंतर बाळाला धोका हळूहळू वाढतो, ४२ नंतर जास्त. वार जुनी होते, पाणी कमी होत जातं, बाळ पोटातच शी करण्याचं प्रमाण वाढतं. म्हणून ४१ हा आकडा.

एरंडेल नको. त्यानं जुलाब लागतात, अंगातलं पाणी जातं, बाई थकते. आणि कळा आल्याच तर तुमच्या माजघरात बाळाचे ठोके कोण मोजणार?

ॲडमिट होईपर्यंत हालचालीवर लक्ष असू द्या. जेवणानंतर डाव्या कुशीवर झोपवून मोजायचं, दोन तासांत दहा हालचाली भरायला हव्यात. नाही भरल्या तर ४१ ची वाट बघायची नाही, त्याच वेळी निघायचं.

लेबररूम_वही

बहुतेक घरांचा घोटाळा इथं होतो: ‘कळा आणायच्या’ म्हणजे एक काम असं त्यांना वाटतं. ती दोन कामं आहेत. आधी गर्भपिशवीचं तोंड पिकवायचं, मग कळा आणायच्या. पहिलटकरणीचा पहिला दिवस बहुधा पिकवण्यातच जातो. बाहेर बाकड्यावर बसलेल्यांना वाटतं, काहीच चाललं नाही.

ॲडमिट झाल्यावर आधी पोट तपासून डोकं खाली आहे ना ते बघतात, बाळाच्या ठोक्यांचा आलेख साधारण २० मिनिटं काढतात (ठोके मिनिटाला ११० ते १६० हवेत), मग आतून तपासणी. त्यात पाच गोष्टींना गुण देतात: तोंड किती उघडलं, किती पातळ झालं, मऊ की कडक, मागं आहे की पुढं, आणि डोकं किती खाली उतरलं. याला बिशप स्कोर म्हणतात, एकूण १३. सहा किंवा कमी म्हणजे तोंड कच्चं. आठाच्या वर गेलं तर पिकवायची गरज नाही, थेट पुढचं काम. तुम्ही विचारायचा पहिला प्रश्न हाच: स्कोर किती आला?

कच्चं असेल तर तीन वाटा.

जेल. पिचकारीत भरून येतं, त्यात डायनोप्रोस्टोन ०.५ मिलिग्रॅम. गर्भपिशवीच्या तोंडाच्या आत सोडतात, त्यानंतर अर्धा तास आडवं राहायचं म्हणजे ते बाहेर ओघळत नाही. मग उठून फिरलेलं चालतं. गरज पडली तर ६ तासांनी पुन्हा, २४ तासांत जास्तीत जास्त तीन वेळा. हे २ ते ८ अंशांत ठेवायचं औषध आहे. बाहेरच्या मेडिकलमधून आणायला सांगितलं तर बर्फाच्या पाकिटासकट आणा आणि तडक सिस्टरांच्या हातात द्या. दुपारभर गाडीच्या डिकीत राहिलेल्या जेलचा भरवसा नाही.

गोळी, म्हणजे मिसोप्रोस्टॉल. बाळ जिवंत आणि महिने भरलेले असताना एका वेळचा डोस २५ मायक्रोग्रॅम: गिळायची तर दर २ तासांनी किंवा खालून ठेवायची तर दर ६ तासांनी. २५ ची तयार गोळी मिळते. २०० ची गोळी ब्लेडनं कापून आठ तुकडे करण्याची सवय अजून काही ठिकाणी आहे, ती वाईट. तुकडे सारखे होत नाहीत, एखाद्या बाईला दुप्पट औषध जातं आणि कळा आवरत नाहीत. जेल ओघळलं तर पुसून घेता येतं, पण पोटात गेलेली गोळी परत काढता येत नाही.

फुगा. लघवीच्या नळीसारखीच फोलीची नळी गर्भपिशवीच्या तोंडातून आत सरकवतात, टोकाचा फुगा ३० ते ६० मिली पाण्यानं भरतात आणि नळी जराशी ओढून मांडीला चिकटवतात. फुगा दाब देत तोंड उघडतो. तोंड तीन-चार सेंटिमीटर झालं की नळी आपोआप गळून पडते. घाबरायचं नाही, काम झालं असा त्याचा अर्थ. नाही पडली तर १२ ते २४ तासांत काढतात. फुग्यानं कळा अनावर होत नाहीत, हा त्याचा मोठा गुण.

काही ठिकाणी ॲडमिट करण्याआधी बोट फिरवून पाण्याची पिशवी तोंडापासून सुटी करतात. दुखतं, थोडं रक्त लागतं, पण कधी कधी तेवढ्यानंच कळा सुरू होतात.

निपाणी_नाका

आधीचं सिझर असेल तर हेच सगळं चालतं का? आमच्याकडं एकीला गोळी देणार म्हणतायत.

लेबररूम_वही

आधीचं सिझर असताना मिसोप्रोस्टॉलची गोळी नको. जुना टाका फाटण्याचा धोका वाढतो. तिथं फुगा जास्त सुरक्षित, आणि तोही सिझरची सोय तयार असलेल्या जागीच. ‘आधी सिझर झालंय’ हे प्रत्येक नव्या पाळीच्या सिस्टरला पुन्हा सांगा. कागदावर आहे म्हणून गप्प बसू नका.

वैनी, आता दुसरं काम. तोंड पिकलं आणि डोकं खाली बसलं की पाण्याची पिशवी फोडतात. डोकं वर तरंगत असताना फोडली तर पाण्याच्या लोंढ्याबरोबर नाळ खाली घसरू शकते, मग पळापळ. फोडल्यावर लगेच ठोके ऐकतात आणि पाण्याचा रंग बघतात. नितळ पाणी ठीक. हिरवट असलं तर बाळानं आत शी केलीय. लाल रक्ताळ असलं तर तातडीची बाब. पिशवी फुटल्यावर आतली तपासणी साधारण चार तासांनी एकदा. उगाच तासातासाला हात घातला तर जंतू वर चढतात.

मग ऑक्सिटोसिन, म्हणजे ‘कळांच्या सलाईन’मधलं औषध. ५०० मिली रिंगर लॅक्टेट सलाईनमध्ये ५ युनिट घातलं तर एका मिलीत १० मिलियुनिट. २० थेंबांना १ मिली पडणाऱ्या सेटवर मिनिटाला ८ थेंब म्हणजे ४ मिलियुनिट. कमी वेगानं सुरू करून साधारण अर्ध्या तासानं वाढवत न्यायचं, १० मिनिटांत तीन ते चार चांगल्या कळा, प्रत्येक ४० सेकंदांच्या वर, इतक्या आल्या की थांबायचं. पंपावर लावलं तर उत्तम. जेल लावल्यापासून ६ तास झाल्याशिवाय हे सलाईन लावत नाहीत, दोन्ही एकावर एक चढतात.

आणि सलाईनच्या नळीवरचं ते छोटं चाक. ‘लवकर संपू दे’ म्हणून नातेवाईक ते फिरवतात. साध्या सलाईनला फार बिघडत नाही, पण यात ८ चे ३० थेंब झाले की गर्भपिशवी आवळून धरते, सैल सोडतच नाही. बाळाला रक्त मिळतं ते दोन कळांच्या मधल्या वेळात. त्या चाकाला कुणीही हात लावायचा नाही.

१० मिनिटांत पाचाहून जास्त कळा यायला लागल्या तर तो बिघाड समजायचा. पोटावर हात ठेवून घड्याळ लावून घरच्यालाही मोजता येतं. लगेच सिस्टरना हाक मारा. त्या सलाईन बंद करतात, डाव्या कुशीवर वळवतात, साधं सलाईन जोरात सोडतात, गरज लागली तर टर्ब्युटालिन ०.२५ मिलिग्रॅम कातडीखाली देतात. बहुतेकदा तेवढ्यानं कळा आवरतात.

सिस्टर_चिकोडी

त्याला जोडून: ऑक्सिटोसिन अंगात पाणी धरून ठेवतं. तासन् तास सलाईन चालू असताना वरून ग्लुकोजचं पाणी लोटीच्या लोटी पाजू नका, रक्तातलं मीठ उतरतं, उलटी, गुंगी, अगदी झटकेही येऊ शकतात. घोट घोट पेज, ताक, नाचण्याची पातळ आंबील चालते, पिकवण्याच्या टप्प्यात तर हलकं जेवणही. सिझरची चिन्हं दिसायला लागली की मात्र तोंडानं काही नाही. एनिमा आणि सगळे केस काढणं, दोन्हीची गरज नसते.

‘एक बोट उघडलंय’, ‘दोन बोटं उघडलंय’ असं ऐकाल. एक बोट म्हणजे दीड ते दोन सेंटिमीटर, बोटावर अवलंबून. बोटांचं गणित सोडा, सेंटिमीटर विचारा. पूर्ण म्हणजे १०. पाचापर्यंतचा रस्ता सगळ्यांत लांब असतो, त्यामुळं रात्री दोन आणि सकाळी तीन ऐकून हातपाय गाळू नका.

भूलवाला_बेळगाव

सिझरच्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही. लोक तुलना चुकीची करतात. कळा आणलेल्या बाईची तुलना आपोआप कळा आलेल्या बाईशी नाही, वाट बघत बसलेल्या बाईशी करायची, कारण त्या घडीला हातात तेवढंच असतं. २०१८ मध्ये अमेरिकेत सहा हजारांवर पहिलटकरणींचा अभ्यास प्रसिद्ध झाला, ३९ व्या आठवड्यात कळा आणलेल्या आणि थांबलेल्या. सिझरचं प्रमाण पहिल्या गटात १८.६ टक्के, दुसऱ्यात २२.२. तिथली देखरेख वेगळी, ते आकडे जसेच्या तसे इकडं लावू नका. पण ‘सलाईन म्हणजे सिझर’ हे काही खरं नाही.

काही सिझर घाईनं होतात. पाण्याची पिशवी फुटून ऑक्सिटोसिन निदान १२ ते १८ तास दिल्याशिवाय ‘कळा फसल्या’ म्हणू नये, आई आणि बाळ ठीक असतील तर. ठोके बिघडले तर गोष्ट वेगळी, तेव्हा तासांचा हिशोब करत बसायचा नाही.

वेदनेबद्दल: सलाईनच्या कळा लागोपाठ आणि जोरात येतात. पाठीतल्या भुलीनं, म्हणजे एपिड्युरलनं, ती बरीच कमी होते, पण त्यासाठी भूलतज्ज्ञ आणि सतत ठोके बघण्याची सोय लागते. बेळगावच्या मोठ्या हॉस्पिटलांत मिळू शकते, तालुक्याला क्वचित. आधी विचारून ठेवा, ऐन कळांत मागून माणूस येत नाही.

आता पावसाचं. घाटरस्त्यावरून कळा सुरू झाल्यावर निघण्यापेक्षा ठरल्या दिवशी सकाळीच पोचणं केव्हाही बरं. जागा निवडताना तीन गोष्टी विचारा: रात्री दोनला सिझर करायची वेळ आली तर भूल देणारा किती मिनिटांत येतो? रक्त कुठून येतं? बाळाचा डॉक्टर आहे का? पहिल्याचं उत्तर ‘बोलावून घेतो’ एवढंच आलं तर तिथं कळा आणू नका, बेळगावला या.

खानापूरची_वैनी

आत्तींना तारखेचं पटलं. परवा सकाळी बेळगावला नेतोय. सह्यांचे कागद कन्नडमध्ये असतात, तिला वाचता येत नाही. आणि बाळंत झाल्यावर लगेच काय बघायचं?

सिस्टर_चिकोडी

सही करण्याआधी मराठीत सांगा म्हणायचं, वॉर्डात मराठी येणारं कुणीतरी असतंच. कशासाठी सही, कोणतं औषध, फसलं तर पुढं काय, एवढं कळलं पाहिजे. तिला दोन-तीन शब्द शिकवून ठेवा: नोवू म्हणजे दुखणं, उसिरु म्हणजे श्वास, हेरिगे म्हणजे बाळंतपण. सोबत एक बाई राहू द्या म्हणून आधीच विचारा. सरकारी दवाखान्यांच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात सोबतिणीची सोय धरलेली आहे.

बाळ बाहेर आलं की मिनिटाभरात आईला ऑक्सिटोसिन १० युनिट दंडात किंवा मांडीत. नाळ एक ते तीन मिनिटांनी कापायची, बाळ रडत असेल तर घाई नाही. पहिल्या तासात अंगावर पाजायचं, मध-साखरपाणी काही नाही. २४ तासांत बीसीजी, पोलिओचा शून्य डोस, काविळीची लस, आणि व्हिटॅमिन के.

लक्ष हवं ते रक्तस्रावावर. बराच वेळ कळांच्या सलाईनवर राहिलेली गर्भपिशवी थकते आणि नंतर आवळत नाही. बेंबीखाली हात लावला तर गर्भपिशवी कडक चेंडूसारखी लागायला हवी. मऊ लागली किंवा तासाभरात अख्खं पॅड भिजलं तर तेव्हाच सांगा, पाळी बदलायची वाट बघू नका. लघवी तुंबली तरी पिशवी वर सरकते आणि रक्त वाढतं, म्हणून सहा तासांच्या आत लघवी झालीच पाहिजे.

निपाणी_नाका

जन्मनोंदणी २१ दिवसांत फुकट होते, हॉस्पिटलच पाठवतं. फॉर्मवर आईबापाचं नाव आधारवर आहे तसंच घाला, कन्नडमध्ये लिहिलेलं कुणाकडून तरी वाचून घ्या. ‘ळ’ चा ‘ल’ झाला की पुढं शाळेपर्यंत हेलपाटे. बाळाचं नाव नंतर घालता येतं, वर्षभर त्याला पैसे लागत नाहीत. आणि सरकारीत बाळंत झाली तर घरी सोडायला ‘नगु मगु’ गाडी मिळते, डिस्चार्जच्या आदल्या दिवशीच सांगून ठेवा.