टमी टकनंतरचा व्रण: काय लावावं, काय टाळावं? (इंदूर)

रामबागची_मेघा
नमस्कार मंडळी. दोन सिझेरियननंतर पोटाचे स्नायू मधून फाकले होते, म्हणून इथेच इंदुरात टमी टक (पोटाची सैल कातडी काढून स्नायू शिवून घेण्याची शस्त्रक्रिया) करून घेतलं. ३ आठवडे झाले, टाके निघाले, जखम कोरडी आहे. या कमरेपासून त्या कमरेपर्यंत लाल रेघ आहे. सर्जननी सिलिकॉन लिहून दिलंय, पण जेल घेऊ की पट्टी, आणि दिवसातून किती वेळ? सासूबाई हळद-लोणी लाव म्हणतात, शेजारच्या भाभी व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून लावायला सांगतात आणि औषधवाल्याने डाग घालवायची एक ट्यूब हातात ठेवली. माझ्या डाव्या खांद्यावरची बीसीजीची खूण फुगून कडक झाली आहे, ती कधीकधी खाजतेसुद्धा. पोटावर तसंच झालं तर? फार धास्ती वाटते.

निवृत्त_सिस्टर
मेघा, सगळ्यात आधी ते खांद्याचं सर्जनच्या कानावर घाल, पुढच्या तारखेची वाट बघू नकोस. मी बरीच वर्षं सर्जरी वॉर्डात काढली आहेत, म्हणून कळकळीने सांगते. व्रण जखमेच्या हद्दीतच फुगला तर तो बहुतेक वेळा वर्ष-दीड वर्षात आपसूक बसतो. पण हद्द ओलांडून आजूबाजूच्या चांगल्या कातडीवर पसरला, तर तो केलॉइड. आपल्या सावळ्या कातडीत त्याचं प्रमाण जास्त, आणि खांदा, छाती, कानाची पाळी या त्याच्या ठरलेल्या जागा. पोटावर तो होईलच असं नाही. पण सर्जनना माहीत असलं तर रेघ जाड व्हायला लागताच ते ट्रायअ‍ॅमसिनोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन त्या व्रणातच देतात, साधारण ४ ते ६ आठवड्यांच्या अंतराने. लवकर सुरू केलं तर गुण चांगला येतो.

आता सिलिकॉन. पट्टी काय, जेल काय, काम एकच: व्रणावरची ओल उडू न देणं. ओल टिकली की खालच्या पेशी कोलॅजन (व्रण ज्याचा बनतो ते प्रथिन) बेताने बनवतात आणि व्रण मऊ, सपाट राहतो. खपली पूर्ण गेली असेल, कुठूनही पाझरत नसेल, तरच सुरू कर. पट्टी पहिले काही दिवस थोडेच तास लावून बघ, पुरळ आलं नाही तर वाढवत ने. दिवसाचे निदान १२ तास तरी हवेत, आणि किमान २-३ महिने. रोज पट्टी आणि कातडी दोन्ही सौम्य साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करायची. आपल्याकडच्या मे महिन्यात घामाने पट्टी सरकते आणि घामोळं येतं, तेव्हा दिवसा जेल, रात्री पट्टी असं चालतं. जेलचा थर अगदी पातळ हवा, आणि तो वाळल्यावरच कपडा चढवायचा.

रंग बघून घाबरू नकोस. पहिले काही महिने रेघ आणखी लाल, जाड दिसू शकते. ती फिकी पडायला १२ ते १८ महिने लागतात.

दवा_बाजार
मी फार्मासिस्ट आहे. ताई, त्या ट्यूबवर हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन अशी तिन्ही नावं असतील तर ती परत करा. मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकायलाच नको. ताज्या व्रणावर मनाने चोळलं तर कातडी पातळ पडते. व्हिटॅमिन ईही नको. मायामी विद्यापीठातल्या १९९९च्या एका छोट्या अभ्यासात ते लावणाऱ्या दर तिघांतल्या एकाला अ‍ॅलर्जीचं पुरळ आलं आणि व्रणात फरक फारसा पडला नाही. हळद-लोणी पोळीभाजीपुरतंच ठेवा.

पलासिया_वरून
माझी शस्त्रक्रिया पापण्यांची होती, तुमची पोटाची, तरी उन्हाचं सांगते. नवा व्रण उन्हात काळा पडतो आणि तो काळेपणा लवकर जात नाही. चेहऱ्याला मी ३० एसपीएफचं सनस्क्रीन लावायचे, गाडीवर जाताना ओढणी बांधायचे. त्या वर्षी रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) राजवाड्यावर न जाता मावशीच्या गच्चीवरून पाहिली. तुमचं पोट झाकलेलं असतं ते बरंच, फक्त साडीत कमरेपाशी उघडं राहतं तिथे लक्ष असू द्या.

रामबागची_मेघा
सिस्टर, आत्ताच क्लिनिकमध्ये फोन केला, सोमवारी बोलावलंय. ट्यूबही परत करते. एक विचारू? परकराची नाडी नेमकी रेघेवरच येते. आणि नर्मदेचं पाणी सकाळी येतं, बादल्या मलाच भराव्या लागतात.

निवृत्त_सिस्टर
बादल्या दुसऱ्या कुणाला तरी भरायला सांग, संकोच करू नकोस. ३ आठवड्यांच्या जखमेत मूळ कातडीच्या जेमतेम पाव ताकद असते, ३ महिन्यांनी ती ८० टक्क्यांपर्यंत जाते. त्याआधी ताण पडला की रेघ रुंदावते, आणि रुंदावलेली रेघ कुठल्याच मलमाने परत बारीक होत नाही. म्हणून निदान ६ आठवडे, सर्जन हो म्हणेपर्यंत, जड काही उचलायचं नाही. सिलिकॉनपेक्षाही मी याला जास्त महत्त्व देते. साडी सध्या नकोच, सैल गाऊन घाल आणि वरून त्यांनी दिलेला पोटाचा पट्टा. सिलिकॉन सुरू होईपर्यंत रेघेवर लांबीच्या दिशेने कागदी मायक्रोपोर टेप लावता येईल का, हेही सोमवारी विचार, त्याने ताण वाटला जातो. मालिश कधीपासून करायची तेही त्यांनाच ठरवू दे. मधल्या काळात ताप आला, पू दिसला किंवा लाली रेघेच्या बाहेर पसरली, तर सोमवारपर्यंत थांबू नकोस, त्याच दिवशी जा.