शब्दचर्चा: 'स्वतंत्र चल' नेमका कशापासून स्वतंत्र?

चोपड्याहून विचारते आहे. अकरावीला संख्याशास्त्र शिकवताना काल अडले. फळ्यावर लिहिलं: केळीला दिलेलं पाणी हा स्वतंत्र चल, घडाचं वजन हा परतंत्र चल. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, पाणी कुठलं स्वतंत्र? लाईट असली तर मोटार चालते. या आठवड्यात आमच्याकडे रात्रीचीच लाईट आहे." तिचं चुकलं असं मला म्हणवेना. काय सांगू तिला?

—

ताई, मुलीनं बरोबर वर्मावर बोट ठेवलंय. 'स्वतंत्र' हा पाण्याचा गुण नाही, आपल्या प्रश्नात पाण्याला दिलेली ती जागा आहे. पाण्यावरून वजनाचा अंदाज बांधायचा, तर पाणी स्वतंत्र. लाईट किती तास होती त्यावरून पाणी किती गेलं हे काढायचं, तर तेच पाणी परतंत्र. आपल्याकडे अहिराणीत विचारतात ना, "कितलं पानी दिधं?" त्या 'दिधं'मध्ये अर्थ आला. आपण देतो ते स्वतंत्र, पिकातून हाती येतं ते परतंत्र.

गणितात हे आणखी सोपं. य = ३क्ष + ५ मध्ये क्षला हवी ती किंमत द्या, य ठरतो. उलटवून क्ष = (य − ५)/३ लिहा, भूमिका बदलल्या. दहावीत 'दोन चलांतील रेषीय समीकरणे' शिकवताना म्हणूनच कोण स्वतंत्र हा प्रश्न येत नाही.

खरा घोळ संख्याशास्त्रात होतो, कारण तिथे हा शब्द आधीच दुसऱ्या कामाला जुंपलेला आहे. दोन नाणी उडवली, एकाच्या छाप्याचा दुसऱ्यावर परिणाम नाही, म्हणून घटना स्वतंत्र. मुलांना वाटतं समाश्रयणातले, म्हणजे काही चलांवरून दुसऱ्या चलाचा अंदाज बांधण्याच्या पद्धतीतले, स्वतंत्र चलही एकमेकांपासून असेच सुटे असतात. तसं मुळीच नाही. मे महिन्यात पारा ४४ अंशांवर गेला की ठिबक जास्त वेळ चालवावंच लागतं. तापमान आणि पाणी, दोन्ही 'स्वतंत्र चल', पण एकमेकांत गुंतलेले. मग वजनात कोणाचा वाटा किती, हे आकड्यांतून वेगळं काढणं अवघड जातं.

—

पटलं, भाऊ. पण मग शब्दच बदलावा का? मानसशास्त्रवाले 'स्वाश्रयी' आणि 'आश्रयी' म्हणतात.

—

'आश्रयी' मला फार आवडतो. 'समाश्रयण'शी त्याचं नातं कानालाच कळतं. 'स्वाश्रयी'त मात्र 'स्वतंत्र'चीच अडचण आहे. संख्याशास्त्रापुरतं मी 'स्पष्टीकारक चल' म्हणेन. जो चल दुसऱ्याचा चढउतार समजावून देतो तो. परीक्षेत 'स्वतंत्र चल'च लिहू द्या, गुण जायला नकोत.

आणि त्या मुलीला एक काम द्या. विहिरीजवळच्या ओळींना पाणी जास्त जातं, आणि तिथली माती गाळाची असली तर घड कशामुळे भरला ते कळणार नाही. म्हणून ओळींच्या चिठ्ठ्या टाकायच्या. चिठ्ठी निघेल त्या ओळींना झाडामागे रोज १२ लिटर, बाकीच्यांना १८. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या रोथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात असताना प्रयोगात चिठ्ठीचं हे तत्त्व रुजवलं. चिठ्ठीला माती दिसत नाही, विहीर दिसत नाही. लाईट रात्री आली तरी सगळ्याच ओळींना रात्रीच पाणी. अशा वावरात मात्र पाणी खरोखर स्वतंत्र असतं, तिच्या अर्थानंही.