पत्रिका पोचली नाही: फिल्टरमध्ये खरंच काय लागू आहे ते आधी बघूया

प्रेषक: संमेलन समितीचा कार्यकर्ता, गावाकडून

सगळ्यांना नमस्कार.

सुगी आटोपली, संमेलनाची तयारी जोरात चाललीय. पत्रिका छापखान्यातूनच मंडळाच्या मेलच्या पत्त्यावर पाठवायला सांगितलो होतो. ते पाठवलो म्हणतात, पण तुमच्यापैकी कुणाचा फोन नाही. मिळाली का? परदेशातल्या आपल्या माणसांना तिकीट काढायच्या आत कळावं म्हणूनच यंदा मेल केलो.

एक मनात आलंय ते बोलून टाकतो. पत्रिका पूर्ण मराठीत आहे. मराठी अक्षरं बघून तर तुमचं यंत्र अडवत नाही ना? इथं पाटीवरच्या मराठीसाठी भांडावं लागतं, मंडळाच्या दारात तरी तसं नको ओ.

प्रेषक: कार्यवाह, आखातातून

काका, पत्रिका आली नाही. स्पॅमच्या फोल्डरमध्येही नाही.

सर्व्हर सांभाळणाऱ्या टिळकवाडीच्या दादांसाठी: ग्रेलिस्टिंग (संशयित मेलला पहिल्यांदा ‘नंतर परत या’ सांगणं) बंद करायचं कार्यकारिणीत मागेच ठरलं होतं. स्पॅम फिल्टरची ती फाइल आत्ता माझ्यासमोर उघडी आहे, त्यात एनेबल्ड = फॉल्स (चालू = नाही) असं स्वच्छ लिहिलंय. म्हणजे ते कारण नाही. राहिला रिजेक्टचा आकडा, म्हणजे संशयाचे किती गुण झाले की मेल नाकारायची तो. तो १५ वरून ३० करूया. आणि पूर्ण कॉन्फिगरेशन (फिल्टरच्या सगळ्या सेटिंग) या मेलिंग लिस्टवर टाका, चारचौघांच्या नजरेखालून जाऊ दे.

प्रेषक: सर्व्हर सांभाळणारा, टिळकवाडी, बेळगाव

काका, आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर, कारण तो मनाला लागणारा आहे. मराठी आहे म्हणून आपल्याकडे काहीही अडत नाही. भाषा बघून गुण लावणारा एकही नियम आपल्या सर्व्हरवर चालू नाही. चारटेबल नावाचं फिल्टरचं एक मॉड्यूल (भाग) आहे, ते अक्षरांत लिप्यांची भेसळ शोधतं. इंग्रजी ‘ए’च्या जागी रशियन ‘ए’ घालून बँकेचं नाव लिहिणाऱ्या भामट्यांसाठी ते आहे. पत्रिकेला त्याचा एकही गुण लागलेला नाही, लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदींत) तपासलं.

आता पत्रिकेचं काय झालं ते. पोस्टफिक्सच्या, म्हणजे मेल घेणाऱ्या प्रोग्रामच्या, लॉगमध्ये छापखान्याच्या सर्व्हरला दिलेलं उत्तर सापडलं: ‘४.७.१ ट्राय अगेन लेटर’. म्हणजे मेल फेटाळली नाही, ‘थोड्या वेळाने परत या’ असं सांगितलं. हेच ग्रेलिस्टिंग. नीट चालणारा मेल सर्व्हर काही मिनिटांनी पुन्हा येतो आणि मेल आत घेतली जाते. छापखाना मात्र बिलं पाठवायच्या जुन्या प्रोग्रामातून मेल सोडतो, आणि तो प्रोग्राम एकदाच दार वाजवून निघून जातो.

कार्यवाह म्हणतात फाइलमध्ये बंद लिहिलंय. लिहिलंय हे खरं. पण आपला स्पॅम फिल्टर, आरस्पॅमडी, एकच फाइल वाचत नाही. मूळ फाइली पॅकेजबरोबर येतात, त्यांना हात लावायचा नसतो. आपले बदल लोकल-डी या फोल्डरमध्ये, ते मूळ गोष्टींत मिसळले जातात. त्याहून वरचढ ओव्हरराइड-डी, तिथलं लिहिलेलं बाकी सगळ्यांवर मात करतं. या सगळ्यांची बेरीज होऊन जे उरतं तेवढंच लागू असतं, आणि ती बेरीज दाखवायला आरस्पॅमॲडम कॉन्फिगडंप ही कमांड आहे. पुढे विभागाचं नाव दिलं की तेवढाच विभाग येतो. ग्रेलिस्टचा मागितला तर हे आलं (काही ओळी गाळल्यात):

ग्रेलिस्ट {
  टाइमआउट = ३००;
  ग्रेलिस्ट {
    एनेबल्ड = फॉल्स;
  }
}

दुसरं ‘ग्रेलिस्ट’ बघा, पहिल्याच्या पोटात बसलंय. लोकल-डी मधली फाइल मुळातच त्या विभागाच्या कंसात ओढली जाते. म्हणून तिच्यात विभागाचं नाव आणि कंस पुन्हा द्यायचे नसतात, नुसती आतली ओळ लिहायची. इथं दिले गेले, त्यामुळे ‘बंद’ ही सूचना कुणी बघत नाही अशा आतल्या कप्प्यात जाऊन पडली आणि ग्रेलिस्टिंग ३०० सेकंदांच्या हिशेबाने चालूच राहिलं. कॉन्फिगटेस्ट ही फाइली तपासायची कमांड चालवून पाहिली, ते ‘सिंटॅक्स ओके’ म्हणतं. व्याकरण बरोबरच आहे, चुकलीय ती जागा. हा दोष फाइल कितीही वेळा वाचून दिसत नाही, डंपमध्ये मात्र लगेच दिसतो.

१५ चं ३० करायला माझा ठाम विरोध आहे. मूळ आकडे असे: ४ गुणांना ग्रेलिस्ट, ६ ला स्पॅमचा शिक्का, १५ ला नकार. पत्रिका ४ आणि ६ च्या मध्ये होती. नुसतं एक मोठं चित्र, मजकूर जवळपास नाही, पाठवणाऱ्या डोमेनला एसपीएफ नाही, डीकेआयएम नाही (मेल खरंच त्या डोमेनची आहे हे पटवणाऱ्या खुणा), असे थोडेथोडे गुण साचले. १५ च्या जवळपासही ती गेली नव्हती. तो आकडा वाढवून पत्रिका आली नसती, फक्त आज दारातूनच परत जाणारा कचरा स्पॅमच्या फोल्डरमध्ये येऊन साचला असता.

पूर्ण डंप लिस्टवर टाकणार नाही. त्यात कंट्रोलरच्या (फिल्टरच्या वेबच्या पानाच्या) पासवर्डचा हॅश, म्हणजे सांकेतिक रूप, आणि रेडिसचा (फिल्टर वापरतो त्या डेटाबेसचा) पासवर्ड असतो, आणि या लिस्टचं जुनं सगळं शोधता येतं. हवा तो विभाग सांगा, तेवढा देतो.

ठरल्याप्रमाणे जादाचा कंस काढून ग्रेलिस्टिंग बंद केलं. माझं मत विचाराल तर ते चालू ठेवून छापखान्याच्या सर्व्हरचा आयपी पत्ता सूट यादीत घालणं जास्त बरं. एकदाच दार वाजवून पळणारे बहुतेक स्पॅमवालेच असतात. पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा ही विनंती.

आणखी एक. कॉन्फिगडंप डिस्कवरच्या फाइली वाचतो, चालू प्रोग्रामच्या डोक्यात काय आहे ते नाही. फाइल सुधारून सर्व्हिस रीलोड केली नाही, म्हणजे तिला फाइली पुन्हा वाचायला लावल्या नाहीत, तर डंप नवं दाखवतो आणि मेल जुन्याच नियमाने अडतात. मी रीलोड करूनच हे लिहितोय.

प्रेषक: खानापूरची माहेरवाशीण, सध्या परदेशी

दादा, छान समजावून सांगितलंत. एक शंका: फिल्टरच्या वेबच्या पानावरूनही आकडे बदलता येतात ना? माझ्याकडे त्याचा पासवर्ड आहे. तिथून बदललेलं कुठे जातं?

प्रेषक: टिळकवाडी

ताई, बरोबर पकडलंत. ते या दोन्ही फोल्डरांत जात नाही. आरस्पॅमडी_डायनॅमिक नावाची वेगळी फाइल डेटाच्या फोल्डरमध्ये असते, तिच्यात साठतं. म्हणून डंपबरोबर तीही उघडून बघायची. आपल्याकडे ती रिकामी आहे. तशीच राहू दे, आकडा बदलायचा असेल तर मला कळवा. बदल एकाच ठिकाणी असले की पुढे सांभाळणाऱ्यालाही सापडतात.

काका, छापखान्याला पत्रिका परत पाठवायला सांगा. आणि जमलं तर चित्राखाली तारीख, ठिकाण आणि ग्रंथदिंडीची वेळ मजकुरातही लिहा. गुण कमी होतील, शिवाय फोनवर बारीक अक्षर न दिसणाऱ्यांनाही वाचता येईल.

प्रेषक: संमेलन समितीचा कार्यकर्ता

पाठवलो ओ. ग्रंथदिंडी, कथाकथन, कविसंमेलन, सगळ्याच्या वेळा खाली लिहिलो आहे. मराठीमुळे अडलं नाही हे वाचून बरं वाटलं, समितीतल्या पोरांनाही वाचून दाखवलो.

प्रेषक: कार्यवाह

पत्रिका मिळाली, सर्व सभासदांना पुढे पाठवली आहे. ज्यांना गेल्या काही महिन्यांत बेळगाव, खानापूर, निपाणीकडून अपेक्षित मेल आली नाही, त्यांनी पाठवणाऱ्याचा पत्ता आणि अंदाजे तारीख दादांना वेगळी कळवावी, लिस्टवर नको. ग्रेलिस्टिंगचा विषय पुढच्या बैठकीत घेतला आहे.