हाताची सूज, स्लीव्ह आणि तोंडावर आलेली चवथ

अबोली (फोंडा)

नमस्कार. प्रश्न सासूबाईंसाठी आहे. वय ५८, उजव्या हाताने काम करतात. तीन वर्षांपूर्वी डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या, मग पॅक्लिटॅक्सेलची केमो आणि रेडिएशन. एप्रिलपासून डावा हात कोपराखाली सुजतोय, संध्याकाळी पाटली मनगटात रुतते. फार्मसीतून तयार मीडियम मापाची स्लीव्ह (हातावर दाब देणारी घट्ट बाही) आणली. ती घातल्यापासून हात थोडा बरा, पण पंजाची पाठ फुगते आणि बोटांना मुंग्या येतात. शेजारच्या काकी खोबरेल तेलाने रोज जोरात हात चोळून देतात. चवथ (गणेशचतुर्थी) तीन आठवड्यांवर आली आहे. नारळ खवणं, नेवऱ्या (करंज्या), माटोळी (गणपतीवर टांगायची फळांची आरास) हे सगळं त्या सोडणार नाहीत. नेमकं काय करावं?

सुरंगी

अबोलीताई, आधी डॉक्टर, मग स्लीव्ह. ऑपरेशननंतर काही वर्षांनी नव्याने आलेली सूज बहुतेक वेळा लिम्फिडिमाच (लिम्फ, म्हणजे पेशींभोवतीचं पाणी, वाहून नेणाऱ्या वाटा अडल्याने येणारी सूज) असते. पण शिरेत रक्ताची गुठळी झाली किंवा काखेत आजार परत आला तरी हात सुजतो. सूज झपाट्याने वाढत असेल, दुखत असेल, किंवा काखेत, गळ्याच्या हाडाच्या वर गाठ लागत असेल तर थांबू नका. ज्यांनी कॅन्सरचे उपचार केले त्यांना हात दाखवा, गरज वाटली तर ते डॉपलर (शिरांची सोनोग्राफी) सांगतील. बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) दाखवत असाल तर त्याच भेटीत फिजिओथेरपीची चिठ्ठी लिहून मागा.

घरी मोजमाप आजच सुरू करा. शिंप्याची टेप घ्या. मनगटाच्या बाहेरच्या हाडापासून वर दर ४ सेंटिमीटरवर पेनाने बारीक खूण करा, दोन्ही हातांवर. टेप नुसती टेकवायची, आवळायची नाही. सकाळी उठल्यावर, आठवड्यातून एकदा, तारखेसह वहीत लिहा. एखाद्या खुणेवर दोन हातांत २ सेंटिमीटरचा फरक दिसला तर तो लिम्फिडिमाच्या बाजूने धरतात. सासूबाई उजव्या हाताने काम करतात, म्हणजे डावा मुळात किंचित बारीकच असणार. त्यामुळे दोन्ही माप सारखं आलं तरी निश्चिंत होऊ नका.

पंजा का फुगतो? स्लीव्ह मनगटापाशी संपते. वर दाब, खाली मोकळं, म्हणून पाणी पंजात साचतं. पंजा सुजत असेल तर स्लीव्हसोबत दाबाचा हातमोजाही लागतो, नुसती स्लीव्ह नको. आणि लार्ज-मीडियम बघून घेतलेली स्लीव्ह मनगटाला घट्ट आणि दंडाला सैल अशी हमखास निघते. ती सध्या बाजूला ठेवा.

मुंग्यांचं मात्र नीट पाहा. स्लीव्ह काढल्यावर अर्ध्या तासात गेल्या, आणि डाव्याच हातात होत्या, तर स्लीव्ह घट्ट आहे. दोन्ही हातांच्या बोटांत आणि तळपायांतही असतील तर तो पॅक्लिटॅक्सेलचा मज्जातंतूंवरचा परिणाम. त्याला स्लीव्हचा इलाज नाही. त्या मुंग्यांनी दुखत असेल तर ड्युलॉक्सेटिन नावाची गोळी डॉक्टर देऊ शकतात. टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरवरची हार्मोन रोखणारी गोळी) चालू असेल तर तेही सांगा, कारण ड्युलॉक्सेटिनमुळे टॅमॉक्सिफेनचं काम कमी होऊ शकतं. बी-६ व्हिटॅमिनच्या गोळ्या मनाने जास्त घेऊ नका, जास्त झालं की त्यानेच मुंग्या येतात.

पारिजात

तेल चोळणं आजपासून बंद, काकींना वाईट वाटलं तरी. जोरात चोळल्याने त्या भागात रक्तपुरवठा वाढतो, पेशींभोवती आणखी पाणी झिरपतं आणि ते वाहून नेणाऱ्या वाटा तर आधीच कापल्या गेल्यात. लिम्फसाठी जो हात फिरवतात तो इतका हलका असतो की फक्त कातडी सरकते, खालचा स्नायू दबत नाही. सुरुवातही सुजलेल्या हातापासून करत नाहीत. आधी पोटातून चारपाच खोल श्वास, मग मानेची बाजू, मग चांगली काख (सासूबाईंची उजवी), सुजलेल्या हाताच्या बाजूची (डावी) जांघ, आणि शेवटी हात, तोही दंडाकडून खाली. पुढची जागा रिकामी केल्याशिवाय मागचं पाणी सरकणार कुठे? हे एकदा फिजिओथेरपिस्टकडून हाताला हात लावून शिकून घ्या, वाचून जमत नाही.

सूज उतरवायचं खरं काम पट्ट्या करतात. स्लीव्ह फक्त उतरलेली सूज धरून ठेवते. म्हणून क्रम असा: रोज पट्टी बांधून दोन ते चार आठवडे सूज उतरवायची, आणि उतरलेल्या हाताचं माप सकाळी घेऊन त्या मापाची स्लीव्ह आणि हातमोजा शिवून घ्यायचा. सुजलेल्या हाताच्या मापाची स्लीव्ह घेतली तर पुढे ती सैल पडते, पैसे वाया. चवथ तीन आठवड्यांवर आहे, या आठवड्यात सुरू केलंत तर पहिला टप्पा जेमतेम बसेल.

पट्टी बांधताना आधी सुती नळीसारखं कापड, मग बोटांना एकेक करून गॉझ, वर मऊ पॅडिंग आणि त्यावर कमी ताणाच्या खास पट्ट्या, पंजाला ६ सेंटिमीटर रुंदीची, वर ८ आणि १०. ताण सगळीकडे सारखा. मनगट बारीक असल्याने सारख्या ताणातही तिथे दाब जास्त पडतो, वर आपोआप कमी होत जातो. फार्मसीत मिळणारी साधी क्रेप पट्टी इथे चालत नाही. ती हात स्वस्थ असतानाही आवळत राहते आणि रात्री बोटं निळी पडू शकतात. लघवी वाढवायच्या गोळ्याही या सुजेवर उपयोगाच्या नाहीत.

अबोली (फोंडा)

खूप आभार. स्लीव्ह काढल्यावर मुंग्या जातात, म्हणजे घट्टच होती. आता कामांचं सांगा. आणि त्या हाताला बीपी, सुई चालते का?

रानजाई

जमेल तेव्हा दुसरा हात द्या. एकदा बीपी घेतल्याने सूज येईल म्हणून घाबरून जायचं कारण नाही, तेवढा पक्का पुरावा मिळालेला नाही. सुईमुळे जंतू आत जायची भीती जास्त.

कामं बंद करू नका, पण वाटून करा. २००९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्तनाच्या कॅन्सरनंतर हात सुजलेल्या १४१ स्त्रिया होत्या. त्यांपैकी ज्यांनी आठवड्यातून दोनदा हळूहळू वजन वाढवत व्यायाम केला त्यांची सूज वाढली नाही, उलट ती चिघळण्याचे प्रसंग कमी झाले. घरी अर्धा लिटर पाण्याची बाटली म्हणजे अर्धा किलो. दहादहाचे दोन फेरे, मध्ये एक दिवस सोडून, मापाची स्लीव्ह घालून. चारपाच वेळा केल्यावर हात जड वाटला नाही तरच वजन वाढवायचं.

आदोळीवर (खोबरं खवायच्या विळीवर) उजवा हात खवतो, डावा मात्र वाटी घट्ट दाबून फिरवत असतो, आणि ती एकाच जागची पकड तासभर सुटत नाही. दोन नारळ झाले की पाच मिनिटं मूठ उघडझाप करून हात खांद्याच्या वर धरा. पाच नारळ त्यांचे, बाकी घरातल्यांचे. माटोळीला फळं बांधायला शिडीवर तरुण माणसं चढू द्या, सासूबाई खालून सांगतील काय कुठे बांधायचं ते. वर हात करून ताणायचं आणि वजन पेलायचं, ही जोडी त्या खांद्याला त्रासाची.

काखेतून ऑपरेशन झालं की दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा राहतो. पातेल्याची कड तिथे भाजली तरी कळत नाही. नेवऱ्या तळायचं काम म्हणून दुसऱ्याकडे द्या. सुंगटं (कोळंबी), कुर्ल्या (खेकडे) साफ करताना जाड रबरी मोजे. मार्च ते मे काजूच्या दिवसांत ओल्या बीच्या टरफलाचं तेल त्या हाताला लागू देऊ नका, कातडी जळून फोड येतात आणि फुटलेल्या फोडातून जंतू शिरतात.

माड

पावसाळ्यातलं राहिलं. दोन स्लीव्ह हव्यात, एक अंगावर, एक धुण्यात. कोमट पाणी, सौम्य साबण, पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायची आणि पंख्याखाली पसरायची. दमट स्लीव्ह घातली की बोटांच्या बेचक्यात बुरशी धरते. हात कोरडा करून सकाळी उठल्या उठल्या घाला. क्रीम, तेल रात्रीच, कारण त्याने कापडाचा ताण मरतो. वरची कड खाली दुमडायची नाही, दुमडली की तिथे दोरीसारखा फास बसतो. झोपताना काढा. रोजच्या वापरात सहा महिन्यांनी दाब कमी होतो, तेव्हा पुन्हा माप.

हात अचानक लाल, गरम झाला, थंडी वाजून ताप आला तर तो संसर्ग. लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढा, वेळ लिहा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रविवार असला, चवथ असली तरी. काखेतल्या गाठी काढल्या आहेत हे पहिल्याच वाक्यात सांगा, पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर तीही. दुखणं ओसरेपर्यंत स्लीव्ह आणि पट्टी दोन्ही बंद. अँटिबायोटिकचा कोर्स लाली गेली तरी पुरा करायचा.