प्रतिसाद: स्क्रीन रीडर मध्येच गप्प का होतो?

वर विचारलंय की एनव्हीडीए, म्हणजे आम्हा दृष्टिहीनांना पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर प्रोग्राम, मध्येच गप्प होतो, तेव्हा तो बिघडलाय असं समजायचं का. माझ्या अनुभवात दहापैकी सात-आठ वेळा दोष पानाचा असतो. गेल्या महिन्यात एका बँकेच्या साइटवर पैसे पाठवत होतो. टॅब दाबत गेलो तर "बटन, बटन, बटन" एवढंच ऐकू येई. तिन्हींना नाव नाही. एक दाबलं आणि फॉर्म कोरा झाला! पुन्हा सगळं भरलं, तेवढ्यात वेळ संपली म्हणून बाहेर काढलं. शेवटी धाकट्या भावाला बोलावून खात्यातली रक्कम दाखवावी लागली. ते मला फार लागलं.

पण सगळं खापर साइटवर फोडणंही बरोबर नाही. पान स्वतःहून बदलतं तेव्हा रीडरकडची त्या पानाची प्रत कधीकधी जुनीच राहते. अशा वेळी इन्सर्ट आणि एफ५ दाबून पाहा, मजकूर नव्याने घेतला जातो. बाण चालेनासे झाले तर इन्सर्ट आणि स्पेस. बऱ्याचदा तो फोकस मोडमध्ये अडकलेला असतो, म्हणजे कळा पान वाचायला न वापरता थेट फॉर्मच्या रकान्याकडे जातात.

मराठीचा त्रास वेगळाच. युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमधली पीडीएफ डोळ्यांना मराठी दिसते, आत मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, रीडर तीच वाचतो. स्कॅन केलेलं परिपत्रक तर नुसतं चित्र, त्यात रीडरला वाचायला काहीच नसतं. दिव्यांग हक्क कायदा २०१६चा आहे, तरी अजून हेच चाललंय.

तुमचा रीडर नेमका कुठल्या प्रकारच्या पानावर थांबतो, तेवढं लिहा.