'ओव्हरक्लॉक' आणि 'बेंचमार्क' मराठीत कसं लिहायचं?

कागदी होडी
दिवाळी अंकासाठी ग्राफिक्स कार्डावर, म्हणजे संगणकात पडद्यावरचं चित्र तयार करणाऱ्या भागावर, लेख दिलाय. ओव्हरक्लॉक म्हणजे कार्ड ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगानं चालवणं, बेंचमार्क म्हणजे त्याची क्षमता मोजणारा प्रोग्रॅम. माझं वाक्य: 'कार्ड ओव्हरक्लॉक करून बेंचमार्क चालवला तर स्कोअर वाढला, पण गेम दहा मिनिटांत बंद पडला.' प्रूफ आलं त्यात: 'पत्रकाचे अतिघटीकरण करून मापदंड चालविला असता गुणांक वाढला.' मापदंड म्हणजे मोजायची काठी, ती चालवतात कशी? इंग्रजी शब्द अंकाला चालत नाहीत. शुक्रवारी प्रूफ परत द्यायचंय, सुचवा.

शब्दवेल
'कस' आहे की! काळ्या दगडावर रेघ ओढून सोन्याचा कस पाहतात. निकष म्हणजे मुळात तो दगडच. कष, कस, कसोटी सगळे एकाच घरातले. जो प्रोग्रॅम चालवायचा ती कसोटी आणि येतो तो आकडा म्हणजे कस. इंग्रजीत दोन्हीला बेंचमार्कच म्हणतात, आपल्याकडे दोन वेगळे शब्द असून पडून आहेत.

जुना सेलेरॉन
कस हा अंगचा गुण. १४ कॅरेटचं सोनं कितीही घासलं तरी २२ चं होत नाही, कार्डाचा आकडा मात्र सेटिंग बदललं की बदलतो. 'कस वाढला' मला खटकतं. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए प्रोसेसर आला तेव्हा आम्ही विचारायचो, 'कितीला पळवलास?' बस, म्हणजे प्रोसेसरला बाकी संगणकाशी जोडणारी वाट, ६६ मेगाहर्ट्झची १०० केली की ३०० चा प्रोसेसर ४५० ला पळायचा. हा शब्द कुणी घडवला नव्हता, आपसूक तोंडात आला. तोच घ्या.

शब्दवेल
शेणखत घातलं की जमिनीचा कस वाढतोच. आणि 'मित्राचं कार्ड पळवलं' छापलंत तर वाचक चोरी समजेल.

दांडी-दुर्बीण
बेंचमार्क मूळचा आमच्या सर्वेक्षणातला. दगडात आडवी खाच पाडायची, तिच्यात लोखंडी कोन अडकवून बाकासारखा आधार करायचा आणि त्यावर मोजपट्टी उभी धरायची. नागपूरला झिरो माइलच्या खांबापाशी १९०७ चा आहे, समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट. आम्ही त्याला तलचिन्ह म्हणतो. ते हलत नाही, बाकीचं सगळं त्याच्यावरून मोजायचं. म्हणून दर वेळी बदलणाऱ्या स्कोअरला बेंचमार्क म्हणणंच मला पटत नाही. १६६० सुपर या कार्डाचा मूळ बूस्ट, म्हणजे कंपनीनं ठरवलेला वरचा वेग, १७८५ मेगाहर्ट्झ. त्यावर जो आकडा येईल ते तलचिन्ह. कार्ड चढवल्यावर येतो तो नुसता आकडा.

कागदी होडी
'चढवल्यावर' किती सहज लिहिलंत!

ठेका
मीही तेच लिहायला आले होते. तबला चढवतात आणि उतरवतात. हातोडीनं लाकडी गठ्ठा खाली सरकवला की चामड्याची वादी ताणते, सूर चढतो. सूर म्हणजे कंपनसंख्या आणि कार्डाचा क्लॉक, म्हणजे सेकंदाला पडणारे ठोके, हीही कंपनसंख्याच, म्हणजे ही नुसती उपमा नाही. अंडरक्लॉकला 'उतरवणे' आयतं मिळतं. फार चढवलं की पुडी, म्हणजे वरचं कातडं, फाटते, तसे इथे स्क्रीनवर ठिपके आणि चौकटी उमटतात. पावसाळ्यात तबला आपोआप उतरतो, तसं कार्डही तापलं की आपोआप उतरतं.

जुना सेलेरॉन
इथे तुमचं गणित उलटं पडतं. हलगी जाळावर शेकून चढवतात. उष्णतेनं कातडं चढतं, तर कार्ड ८३ अंशांच्या आसपास पोचलं की क्लॉक थोडा थोडा खाली आणतं.

ठेका
उष्णतेचं उलट असेल, पण शब्द चुकतो कुठे? आणि हलगीला पाणी लागलं की ती उतरते. तबल्याचं मी तेच म्हटलं.

शब्दवेल
'कार्ड चढवलं' म्हणजे स्लॉटमध्ये बसवलं असंही वाटेल. फोटो चढवतात, सॉफ्टवेअर चढवतात.

लॅमिंग्टन रोड
दुकानात जाऊन बोलून बघा. तिथे ओव्हरक्लॉकला सगळे 'ओसी'च म्हणतात, खोक्यावरही तेच छापलेलं असतं. माझ्या वडिलांना मात्र ओसी म्हटलं की इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्रच आठवतं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग, म्हणजे ग्राफिक्स कार्डं चालवून ते मिळवणं, थांबलं, त्यात वापरलेली जुनी कार्डं बाजारात आली, तेव्हा मी एक घेतलं. 'चढवून वापरलंय का?' असं विचारलं तर विकणाऱ्याला लगेच कळलं. मला तेवढं पुरे आहे.

शब्दवेल
एका विकणाऱ्याला कळलं म्हणून शब्द रूढ होत नाही.

लॅमिंग्टन रोड
अतिघटीकरण तर एकालाही कळलं नसतं.

ठेका
मग कार्ड नको, 'कार्डाचा ठोका चढवला' म्हणा. घड्याळाला ठोके असतात, काळजालाही.

दांडी-दुर्बीण
नागपूरच्या त्या खांबाशेजारी दगडी घोडेही आहेत. कुणी जाणार असाल तर तलचिन्हाचा दगड जरूर बघा, लोक नुसत्या खांबाचा फोटो काढून परततात.

कागदी होडी
उद्या शुक्रवार. 'ठोका चढवून कसोटी लावली' असं लिहून पाठवते. पण पुढच्या परिच्छेदातलं थ्रॉटलिंग, म्हणजे तापलेल्या कार्डानं आपोआप वेग कमी करणं, राहिलंच. प्रूफमध्ये 'कंठरोध' छापलंय. गुदमरणे चालेल?

जुना सेलेरॉन
गुदमरलेला माणूस पळत नाही. कार्ड पळत राहतं, फक्त हळू. 'धाप लागली' म्हणा.

शब्दवेल
धाप लागलेला थांबतो हो.