कासारवडवली ते महापे रोजच्या प्रवासाला ‘एएए’ वर्गाचे जाकीट हवेच का?

घोडबंदरकर

माझा रोजचा रस्ता कासारवडवली, माजिवडा, कळवा, विटावा आणि पुढे ठाणे–बेलापूर मार्गाने महापेपर्यंतचा, म्हणजे एका बाजूने बावीस-तेवीस किलोमीटरचा आहे. दीडशे सीसीची मोटरसायकल आहे आणि गेली नऊ वर्षे साध्या कापडी जाकिटावर निभावले. मागच्या महिन्यात मेट्रोच्या कामाजवळ रस्त्यावर टाकलेल्या लोखंडी पत्र्यावरून, पहिल्याच सरीत, गाडी घसरली. वेग जेमतेम तीसचा असेल, तरी कोपर सोलपटले आणि आठ दिवस लिहिता आले नाही. तेव्हापासून नीट जाकीट घ्यायचे ठरवले आहे.

दुकानात गेल्यावर मात्र एकच मंत्र ऐकू येतो : ‘एएए’ वर्गाखाली काही घेऊ नका. मला हा आग्रह पटत नाही आणि त्याची कारणे मांडतो. युरोपातील ईएन १७०९२ या मानकात मोटरसायकलच्या कपड्यांचे वर्ग केलेले आहेत. पडल्यावर जो भाग सर्वात आधी व सर्वाधिक घासला जातो, म्हणजे खांदा, कोपर, गुडघा, तेथील कापडाची घर्षणचाचणी ‘ए’ वर्गासाठी सुमारे ४५, ‘एए’साठी ७० आणि ‘एएए’साठी १२० किलोमीटर ताशी वेगाला समकक्ष धरून घेतली जाते. गर्दीच्या वेळी कळव्याच्या पुलावर मी १२० तर सोडाच, वीसच्या वरही जात नाही. ‘एएए’ वर्गातील बहुतेक जाकिटे चामड्याची किंवा तितक्याच जाड विणीची, आणि एप्रिलच्या दमट उकाड्यात ती अंगावर ठेवणे म्हणजे उकडून निघणे. आठ दिवसांनी ते कपाटात जाईल, आणि मग पुन्हा जुने कापडी जाकीट. त्यापेक्षा जाळीचे ‘ए’ वर्गाचे जाकीट आणि त्यात चांगल्या दर्जाचे खांदा-कोपर-पाठीचे आर्मर, म्हणजे आघात झेलणारे पॅड, हे रोज अंगावर राहील. आपले मत काय?

निवृत्त_सुरक्षा_अधिकारी

घोडबंदरकर, आपण मांडलेले आकडे बरोबर आहेत, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. ठाणे–बेलापूर मार्गालगतच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात सव्वीस वर्षे सुरक्षेचे काम केले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, आपण सरासरी वेगाचा विचार करत आहात. माणूस सरासरी वेगाला पडत नाही, त्या क्षणी जो वेग असतो त्या वेगाला पडतो. सकाळी साडेनऊला विटाव्याला आपण वीसने जाता हे खरे. पण दुसऱ्या पाळीनंतर रात्री अकराला घणसोली ते दिघा हा रस्ता मोकळा मिळतो तेव्हा काट्याकडे प्रामाणिकपणे पाहा. तो पासष्ट-सत्तर दाखवतो. अंग आणि डांबर यांच्यातील घर्षणगुणांक ०.६ धरला तर ४५ च्या वेगाला शरीर साधारण तेरा मीटर, म्हणजे दोन सेकंदांहून किंचित अधिक, घासत जाते. ७० ला हेच अंतर बत्तीस मीटरांच्या घरात जाते. वेग दीडपट झाला की घसरण्याचे अंतर जवळजवळ अडीचपट होते, आणि ‘ए’ वर्गाचे कापड नेमके या फरकातच फाटते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची, कारण यात सर्वाधिक फसगत होते. जाकिटावर ‘सीई लेव्हल २’ असे (सीई म्हणजे युरोपीय मानकांचा शिक्का) ठळक अक्षरांत छापलेले असते आणि गिऱ्हाईक समजते की जाकीट प्रमाणित आहे. अनेकदा प्रमाणित असते ते फक्त आतले आर्मर. हातापायांच्या आर्मरचे मानक ईएन १६२१-१ आहे. त्यात ठरावीक आघातानंतर पलीकडे पोहोचणारे बळ सरासरी ३५ किलोन्यूटनांच्या आत असेल तर लेव्हल १ आणि २० च्या आत असेल तर लेव्हल २ मिळते. ही चाचणी आघाताची आहे. कापड किती वेळ टिकते याबद्दल ती एक अक्षर बोलत नाही. कापड दुसऱ्याच सेकंदाला फाटले आणि आर्मर सरकून मनगटाकडे गेले, तर त्या लेव्हल २ चा कोपराला काय उपयोग? आतल्या शिवणीजवळ जाकिटाच्या स्वतःच्या वर्गाची पट्टी शोधा. नसेल तर त्या जाकिटाला कोणताच वर्ग नाही असे धरून चाला. आणि पाठीच्या कप्प्यात हात घालून पाहा. तेथे बहुधा बोटभर जाडीचा मऊ स्पंज निघतो. तो केवळ जागा भरण्यासाठी असतो. पाठीचे संरक्षक वेगळे विकत घ्यावे लागते व त्याचे मानकही वेगळे, ईएन १६२१-२.

‘एएए’चा आग्रह मीही धरत नाही. पण ‘एए’च्या खाली उतरू नये. उन्हासाठी जाळी हवी तर छाती-पाठीला जाळी आणि खांदा-कोपराला भरीव कापड अशी रचना ‘एए’मध्येही मिळते.

ऐरोलीची_बाई

हा सगळा धागा वाचताना असे वाटते की दुचाकी फक्त शर्ट-पँट घालणारी माणसे चालवतात. मी शिक्षिका आहे. शाळेत आठवड्यातून चार दिवस साडी, दोन दिवस सलवार-कमीज, आणि सेक्टर आठहून रबाळ्यापर्यंत स्कूटर. मागे सहा वर्षांची मुलगी. ‘ए’ की ‘एए’ हा वाद माझ्या दारापर्यंत पोहोचतच नाही, कारण दुकानातील जाकीट बायकांच्या मापाचे म्हणून दाखवतात तेही पुरुषांच्याच कापाचे असते. खांदा बसला तर कंबरेला घोळ, कंबर बसली तर कोपराचे आर्मर चार बोटे खाली.

शेवटी मी माझ्यापुरता मार्ग काढला. हातमोजे आधी घेतले, कारण पडताना माणूस पहिल्यांदा तळहात टेकवतो, आणि तळहात सोलवटला की खडू, पोळी, मुलीची वेणी सगळेच थांबते. मग घोट्याच्या वर येणारे बूट. सलवारच्या दिवशी आत पट्ट्यांचे गुडघारक्षक. ओढणी अंगावर ठेवतच नाही, ती पिशवीत जाते. साडीच्या दिवशी पदर जाकिटाच्या आत चेनखाली बंद असतो. मागच्या चाकाला आच्छादन ठेवण्याची सक्ती कायद्यात आहे ती ओढणी आणि पदर यांच्यासाठीच आहे, पण कित्येक जण गाडी घेतल्या घेतल्या ते काढून टाकतात, ‘लूक’ बिघडतो म्हणून.

घोडबंदरकर, आपला एकट्याचा प्रवास आहे म्हणून हा प्रश्न जाकिटावर थांबला. मागे बसणाऱ्याचे काय? नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट, सुरक्षापट्टा आणि ताशी चाळीसची मर्यादा हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून आहे, आणि चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचेच आहे. वाशीच्या सिग्नलला उभे राहून पाहा : पुढे बाबा हजारोंच्या जाकिटात आणि मागे लेकरू बोडक्या डोक्याचे. चीड येते.

स्टेशनवाला

मी घोडबंदर रोडहून ठाणे स्टेशनपर्यंत गाडी नेतो आणि पुढे आठ सत्तावीसची लोकल. जाकीट गाडीला कुलूपबंद करून ठेवण्याची सोय पार्किंगमध्ये नाही. आर्मरचे जाकीट हातात घेऊन त्या गर्दीत चढून दाखवावे, मग ‘एए’ आणि ‘एएए’बद्दल बोलू.

वाशीतील_फिजिओ

स्टेशनवाल्यांची अडचण खरी आहे. त्यांच्यासाठी शर्टाखाली घालायचा आर्मरचा जाळीदार सदरा हा एक पर्याय आहे. तो घडी होऊन पाठीवरच्या सॅकमध्ये मावतो. अर्थात घासण्यापासून त्याचा बचाव जवळजवळ शून्य, हे समजून घ्यावे. युरोपीय मानकात अशा वस्तूंना ‘सी’ हा निराळाच वर्ग आहे.

माझा मूळ आक्षेप निवृत्त अधिकाऱ्यांना आणि घोडबंदरकरांना दोघांनाही आहे. आपण दोघे कमरेच्या वर भांडत आहात. माझ्याकडे व्यायामासाठी येणारे दुचाकीस्वार बहुसंख्येने गुडघा, नडगी आणि घोट्याच्या दुखापतींचे असतात. गाडी आडवी पडली की तिचे सव्वाशे-दीडशे किलोंचे वजन पायावर येते, शेजारची रिक्षा लागते ती पायाला, दुभाजक लागतो तोही पायाला. अंगात महागडे जाकीट, खाली ताणणारी पातळ जीन्स आणि पायात फ्लोटर्स असा थाट मी दर आठवड्याला पाहते. साधी सुती जीन्स डांबरावर एका सेकंदाच्या आत फाटू शकते. पातळ पॉलिस्टरची ट्रॅकपँट त्याहून वाईट, कारण घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून जखमेत चिकटते आणि ड्रेसिंग करणाऱ्याला ते धागे चिमट्याने वेचावे लागतात.

ऑस्ट्रेलियातील एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. अपघातात सापडलेल्या २१२ मोटरसायकलस्वारांचे कपडे आणि जखमा त्यात तपासल्या होत्या. जाकीट, पँट व हातमोजे घातलेल्यांना रुग्णालयात दाखल होण्याची वेळ कमी प्रमाणात आली, आणि हा फरक जाकिटापेक्षा पँट आणि हातमोज्यांच्या बाबतीत अधिक ठळक होता. त्याच अभ्यासात, तपासलेल्या जाकिटांपैकी चतुर्थांशाहून अधिक अपघातात फाटली किंवा निकामी झाली असेही दिसले. म्हणजे निवृत्त अधिकारी कापडाबद्दल म्हणतात ते खरेच आहे, परंतु खर्चाचा क्रम माझ्या मते उलटा हवा : बूट, हातमोजे, पँट आणि उरलेल्या पैशांत जाकीट.

दुकानात करायची एक तपासणी सांगते. आरशासमोर ताठ उभे राहून माप पाहू नका. बाहेर उभ्या असलेल्या आपल्या गाडीवर बसा, हात हँडलवर ठेवा आणि सोबत्याला कोपराचे आर्मर चिमटीत धरून बाजूला फिरवायला सांगा. ते हाडावरून सरकले तर एक माप लहान घ्या किंवा दुसरे जाकीट बघा. गुडघ्याचे आर्मर उभे असताना बरोबर वाटते आणि बसले की मांडीवर चढते.

तळवलीचा_मेकॅनिक

बत्तीस वर्षे गाड्या दुरुस्त करतो. जाकीट घेणारा गिऱ्हाईक टायर बदलायला सांगितले की ‘अजून एक पावसाळा काढू’ म्हणतो. गुळगुळीत टायर, संपलेले ब्रेक शू आणि वर ‘एएए’ जाकीट यात काय अर्थ आहे? शिवाय अंगावर आर्मर आले की तरुण पोरांचा वेग वाढतो, हे मी नवी मुंबईच्या पाम बीच रस्त्यावर रविवारी सकाळी डोळ्यांनी पाहतो. पडायचेच नाही याची व्यवस्था आधी करावी.

निवृत्त_सुरक्षा_अधिकारी

मेकॅनिकसाहेब, कारखान्यात आम्हीही हेच शिकवत होतो : धोका मुळात काढा, ते जमत नसेल तर यंत्राला आडोसा करा, आणि अंगावरचे साधन हा सर्वात शेवटचा उपाय. त्यामुळे टायरबद्दल आपले शंभर टक्के खरे. पण शेवटचा उपाय म्हणजे अनावश्यक उपाय नव्हे. घोडबंदरकर ज्या पत्र्यावर घसरले तेथे नवे टायरही घसरले असते. वेग वाढतो या मुद्द्यावर एवढेच म्हणेन की रविवारी पाम बीचवर उडणारी पोरे आणि सोमवारी महाप्याला कामावर जाणारा माणूस यांना एका मापात मोजू नये.

फिजिओताईंचा क्रम मात्र मला विचार करायला लावणारा आहे. खांदा निखळलेली माणसे मी जास्त पाहिली, त्यांनी गुडघे जास्त पाहिले. दोघांचेही अनुभव आपापल्या जागेवरून आहेत.

गायमुखचा_पावसाळी

पावसाबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून थोडेसे. जाकिटाच्या आत बसणारे जलरोधक अस्तर आपल्या हवेत फसते. बाहेरचे कापड ओलेचिंब होते, जड होते आणि जुलैत तीन दिवस वाळत नाही. चौथ्या दिवशी त्याला जो वास येतो तो लिफ्टमधल्या शेजाऱ्यांना विचारावा. जाकिटावरून घालायचा दोन भागांचा रेनकोट बरा. फक्त तो काळा किंवा गडद निळा घेऊ नका. घाटात संध्याकाळी सहालाच अंधारते, मागे कंटेनर असतो, आणि जाकिटावरच्या सगळ्या चमकत्या पट्ट्या रेनकोटखाली झाकल्या गेलेल्या असतात. मी पिवळा घेतला आहे. मुलगा म्हणतो की रस्ता खोदणाऱ्या कामगारासारखा दिसतो. दिसू दे.

घोडबंदरकर

सर्वांचे आभार. काल ठाण्यात दोन दुकाने पालथी घातली आणि निवृत्त अधिकाऱ्यांनी सांगितलेली पट्टी शोधत बसलो. सात जाकिटे पाहिली. आर्मरचा शिक्का सातही ठिकाणी, जाकिटाच्या स्वतःच्या वर्गाची पट्टी तिघांनाच, त्यांपैकी दोन ‘ए’ आणि एक ‘एए’. पाठीचा स्पंजही निघाला, वर्णन केल्याप्रमाणेच.

‘ए’ पुरेसे आहे हे माझे मत मी पूर्ण सोडलेले नाही. रात्रीच्या पाळीचा मुद्दा मात्र मला लागू पडतो. महिन्यातून दहा दिवस मी अकरानंतरच निघतो आणि काल काट्याकडे पाहिले तेव्हा रबाळ्याला तो अडुसष्टवर होता. त्यामुळे जाकीट सध्या थांबवले आहे. या महिन्यात घोट्यावरचे बूट, हातमोजे आणि ऑफिसच्या पँटवरून चढवता येणारी, बाजूने पूर्ण चेन उघडणारी ‘एए’ वर्गाची पँट घेतो. ‘एए’ जाकीट दिवाळीच्या बोनसवर. मेकॅनिकसाहेबांना सांगायचे म्हणजे मागचा टायर आज सकाळीच बदलला.

एक शंका राहिली. ती पँट गाडीवर बसून पाहिली तेव्हा उजव्या गुडघ्याचे आर्मर जागेवर राहिले, डावे मात्र गिअर टाकताना दोन बोटे वर सरकते. आतल्या वेल्क्रोचा कप्पा खाली घेऊन हे सुटेल, की माप बदलावे?

वाशीतील_फिजिओ

आधी कप्पा सर्वात खालच्या खाचेत लावून पाहा आणि गिअर टाकताना नव्हे, तर पाय जमिनीवर टेकवून पुन्हा उचलताना तपासा. तरीही सरकत असेल तर माप बदला. पोटरीवरचा पट्टा घट्ट करून भागवू नका, अर्ध्या तासात पायाला मुंग्या येतील.